जिनेट राहायला कधी आली?

कागद खरेदीची पावती होता. लोन एल्म पोटॅश, अकराशे शेअर, अकरा डॉलर दोन सेंट, तारीख एकोणतीस डिसेंबर, आणि वर नाव: जिनेट लगासे. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काचा स्वच्छच होत्या. बाहेरच्या खोलीत जिनेट सोफ्यावर पाय वर घेऊन बहिणीशी फोनवर फ्रेंचमध्ये बोलत होती, आणि मधूनमधून एवढ्या जोरात हसत होती की कपाटातल्या बशा किणकिणत होत्या. रविवार सकाळचे दहा वाजले होते. विवरणपत्र भरायला चार दिवस उरले होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर डावीकडे माझे कागद होते, टाचण्या लावलेले, तारखेप्रमाणे. उजवीकडे तिचे, बिस्किटांच्या डब्यातून ओतलेले. या वर्षी तुझंही मीच भरतो, त्या मॉलमधल्या पोरीला कशाला साठ डॉलर द्यायचे, असं मीच तिला म्हटलं होतं. हौस मला होती. आता त्याच डब्यातून अकराशे शेअर बाहेर पडले होते आणि मी पावतीवरची तारीख पुन्हा वाचत होतो.

कारण ते अकराशे शेअर माझे होते. म्हणजे बारा डिसेंबरपर्यंत माझे होते. एकतीसच्या सरासरीने घेतलेले आणि अकराला विकलेले. बावीस हजार डॉलरांचा खड्डा. पण तो मी मुद्दाम, हिशेबाने खणलेला खड्डा होता. त्याच वर्षी आईने मागे ठेवलेले बँकेचे शेअर विकून मला बावीस हजारांचा नफा झाला होता, आणि नफ्यासमोर तोटा उभा केला की कर शून्य. साधं आहे. फक्त एक अट आहे, आणि ती मला पाठ आहे: तोट्यात विकलेला शेअर विकण्याच्या तीस दिवस आधी किंवा तीस दिवस नंतर तुम्ही परत घ्यायचा नाही. तुमच्या बायकोनेही घ्यायचा नाही. घेतला आणि ठेवला, तर तो तोटा कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही. बारा डिसेंबर ते एकोणतीस डिसेंबर. मी बोटांवर मोजलं. सतरा. पुन्हा मोजलं. पाण्याच्या खात्यात मी एकतीस वर्षं मीटर तपासले, आकडा दोनदा वाचायची सवय आहे, पण दोनदा वाचून आकडा बदलल्याचं एकदाही घडलेलं नाही.

लाज कशाची वाटली ते सांगतो. नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात आम्ही सगळे जत्रेसाठी वारेनिकी भरायला बसलो होतो. पिठाच्या चकत्या, बटाट्याचं सारण, चाळीस म्हातारे हात. शेजारी बसलेल्या स्लावकोने मला सहज काहीतरी विचारलं आणि मी तासभर बोललो. दलाल कसे टक्का घेऊन झोपा काढतात. अमेरिकन कंपनीच्या लाभांशातले पंधरा टक्के सरहद्दीपलीकडेच कसे कापले जातात. प्रत्येक खरेदीची किंमत पेन्सिलीने वहीत का लिहावी. आणि डिसेंबरात तोटे काढताना बायकोवर लक्ष ठेवा, असं मी बोट वर करून म्हणालो होतो, बोटाला पीठ लागलेलं होतं. स्लावको म्हणाला, "ओरेस्ट, माझी बायको शेअर घेत नाही, पडदे घेते." सगळे हसले. मी हसलो नव्हतो. मी म्हणालो होतो, "हसा. मार्चमध्ये रडाल." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आणि एप्रिल उजाडला होता.

मग एकदम छाती मोकळी झाली. बायको! जिनेट माझी बायको कुठे आहे? गेली सहा वर्षं माझ्या विवरणपत्रावर एकच शब्द आहे: विधुर. डारिया गेली त्या वर्षी तो चौकोन मी पहिल्यांदा भरला, तेव्हा संगणकाने तारीख विचारली होती, आणि ती टाइप करायला मला अख्खी दुपार लागली होती. त्यानंतर दर एप्रिलला संगणक आपणहून मागच्या वर्षीचं उत्तर दाखवतो आणि विचारतो, बदल आहे का? मी "बदल नाही" दाबतो. मला ते बटण आवडतं, हे कबूल करायला हवं. वर्षातून एकदा कुणीतरी अधिकृतपणे डारियाबद्दल विचारतं आणि मी अधिकृतपणे सांगतो की सगळं होतं तसंच आहे. म्हणजे कायद्याने जिनेट माझी कुणी नाही, परकी बाई आहे, आणि परक्या बाईने काय शेअर घ्यायचे ते घ्यावेत. तोटा शाबूत. वाचलेल्या कराचे तीन हजार सहाशे चाळीस डॉलर शाबूत. मी कॉफीचा घोट घेतला. गार झाली होती, पण गोड लागली.

पण कायदा मी वाचलेला आहे, हीच तर पंचाईत. न वाचणारे सुखी असतात. लग्न न करता दोन माणसं जोडप्यासारखी सलग बारा महिने एका छपराखाली राहिली, की कर खात्याच्या लेखी ती जोडीदार होतात. भटजी लागत नाही, पाद्री लागत नाही, अंगठी लागत नाही, विचारतसुद्धा नाहीत. बाराव्या महिन्याच्या शेवटी रात्री तुम्ही एकटे म्हणून झोपता आणि सकाळी जोडीदार म्हणून उठता. तेव्हा प्रश्न असा होता: गेल्या वर्षीच्या एकोणतीस डिसेंबरला, तिने ते शेअर घेतले त्या दिवशी, आम्हांला एकत्र राहून बारा महिने झाले होते का? म्हणजेच, जिनेट राहायला कधी आली? मी वहीचं कोरं पान काढलं, वर हाच प्रश्न लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. बाहेर ती हसली. रेघ वाकडी गेली.

सगळ्यात सोयीची तारीख होती गेल्या वर्षीची एक मार्च. त्या दिवसापासून तिने नदीपलीकडचा आपला फ्लॅट भाड्याने दिला. करार आहे, सह्या आहेत. एक मार्च ते डिसेंबर म्हणजे दहा महिने. बारा नव्हेत. कुणीही शहाणा माणूस एवढ्यावर वही मिटेल. मी मिटली नाही, कारण एक मार्चचा दिवस डोळ्यांपुढे आणायला गेलो तर काही येईना. माणूस राहायला येतं त्या दिवशी निदान खोकी तरी येतात. त्या दिवशी खोकी आलीच नव्हती. आणायला काही उरलंच नव्हतं. मग त्याआधीचा सहा जानेवारी, आमच्या जुन्या पंचांगाच्या नाताळची आदली संध्याकाळ. आई होती तसाच मी अजून तो दिवस पाळतो: बारा पदार्थ, त्यात मांस नाही, आणि मेलेल्यांसाठी एक ताट जास्तीचं. त्या संध्याकाळी बर्फाचं वादळ झालं आणि जिनेट तीन दिवस इथेच अडकली असं मी सगळ्यांना सांगतो. पण "अडकली" हा शब्द मी का वापरतो? तिने त्या दिवशी बीटचं सूप कुठल्या पातेल्यात केलं? तिच्या. आणि ते पातेलं माझ्या शेगडीखालच्या खणातून काढलं. अडकलेली बाई पातेल्यासकट अडकते का? आणि ते जास्तीचं ताट मांडताना तिने मला विचारलं होतं, "डारियाला जेवणाचा काटा डाव्या हाताला लागायचा ना?" हे मी तिला कधी सांगितलं होतं?

इथे माझ्या डोक्यात एक अधिकारी बाई येऊन बसली. जाड चष्मा, राखाडी स्वेटर, समोर फाइल. खऱ्या कर खात्यात मी अशी बाई कधी पाहिलेली नाही, पण पाण्याच्या खात्यात अशी एक होती आणि तिला मी वीस वर्षं घाबरत असे. "श्रीयुत डात्सिशिन," ती म्हणाली, "जोडप्यासारखं म्हणजे काय ते तुम्हांला माहीत आहे ना? एक स्वयंपाकघर?" हो. "एक कपाट?" वरचे दोन खण तिचे. "बाई कोणत्या बाजूला झोपतात?" खिडकीच्या. "पूर्वी खिडकीच्या बाजूला कोण झोपायचं?" मी. "मग तुम्ही कधी सरकलात?" मी म्हणालो, बाई, याचा पोटॅशशी काय संबंध? तिने फाइलमध्ये काहीतरी लिहून घेतलं. खरं म्हणजे सहा वर्षांपूर्वीपासून मी पलंगाच्या मधोमध झोपायचो, दोन्ही बाजू रिकाम्या ठेवून, जणू दोन्हीकडून कुणी येणार होतं. मधून कडेला सरकलेला माणूस तारीख लिहून ठेवत नाही.

टायर. टायरची तारीख सापडेल. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिने गाडीला थंडीचे टायर लावले आणि उन्हाळ्याचे चार टायर ठेवायला तिच्या इमारतीत जागा नाही म्हणून माझ्या गॅरेजात आणून टाकले. मी म्हणालो, ठेव की, टायरला काय खायला लागतं? पण टायर म्हणजे बाई नव्हे. स्लावकोच्या मेव्हण्याचे टायरही माझ्याकडे पाच वर्षं होते, आणि त्याच्याशी माझा काही संबंध नाही. मी वहीत "टायर" लिहून खोडलं. आणि खोडता खोडता मला वायर आठवली. आमच्याकडे उणे तीसमध्ये गाडी रात्रभर विजेला जोडून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी इंजिन दगड होतं. अंगणात एक खांब, एक सॉकेट, एक वायर: एका माणसाचं घर असं असतं. जिनेट तेव्हा शाळेची बस चालवायची, अजूनही अर्धा दिवस चालवते, तिला सकाळी साडेपाचला निघायचं असे, आणि पाहुणीची गाडी बंद पडू नये म्हणून मी माझी वायर काढून तिच्या गाडीला लावायचो. माझी गाडी दोनदा गोठली. मग मी जाऊन दुसरी वायर आणली. पंचवीस फुटी, केशरी. या शहरातल्या कुठल्याही माणसाला विचारा, विधुर माणूस दुसरी वायर का घेतो? दुसरी कॉफी पाजतील, दुसरं उबदार पांघरूण देतील. दुसरी वायर कुणी उगाच घेत नाही.

माझ्याकडे सगळ्या पावत्या असतात. बुटांच्या खोक्यात "घर, किरकोळ" या पाकिटात ती सापडली: पंचवीस फूट, केशरी, सदतीस डॉलर नव्वद सेंट. नऊ डिसेंबर. गेल्या वर्षीचा नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीचा. नऊ डिसेंबर ते एकोणतीस डिसेंबर, मध्ये एक अख्खं वर्ष आणि वर वीस दिवस. राखाडी स्वेटरवाली बाई फाइल मिटून उठली. तेलही गेलं, तूपही गेलं: अकराला विकलेला शेअर आता चौदावर होता, आणि तोटाही हातचा गेला होता. कुणाला काय कळणार होतं म्हणा. वायरीची पावती फाडली, एक मार्च लिहिलं, की संपलं. कर खातं माझ्या अंगणात वायरी मोजायला येणार नव्हतं. मी पावती दोन बोटांत धरली. मला पैशाचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू, साडेतीन हजारांत घर तापवायची नवी भट्टी येते. पण भीती दुसरीच होती. खरं लिहायचं तर "बदल नाही" हे बटण दाबता येणार नव्हतं. "विधुर" पुसावं लागणार होतं, आणि पुसल्यावर डारियाबद्दल मला कुणी, कधी, अधिकृतपणे काही विचारणार नव्हतं. आणि खोटं लिहायचं तर बाहेर हसणाऱ्या या बाईला कागदावर जवळजवळ तीन महिने परकी करावं लागणार होतं. बावीस हजारांचा तोटा मी ज्या हाताने शांतपणे केला, त्या हाताला आता सदतीस डॉलरची पावती फाडता येत नव्हती, याचा मला राग आला.

"मेला का तुझा संगणक?" जिनेट दारात उभी होती. फोन कधी संपला ते कळलंच नाही. "तासभर आवाज नाही. मला वाटलं, माझे कागद बघून बेशुद्ध पडलास."

"हे काय आहे?" मी पावती पुढे केली. वायरीची नव्हे, शेअरची.

तिने वाकून पाहिलं. लाजली म्हणावं तर तसंही नाही. बसमध्ये पोरांनी च्युइंगम चिकटवलेलं सापडावं तसा चेहरा केला. "अरे देवा. हे त्या डब्यात होतं होय? तुझ्या वाढदिवसाला द्यायचे होते."

"अकराशे शेअर? वाढदिवसाला?"

"मग काय मोजे देऊ? तू ते विकलेस आणि तीन दिवस घरात असा फिरत होतास, जसा काही कुत्रा विकून आलास. रात्री झोपेत 'पोटॅश' म्हणालास. मी म्हटलं, किती ते प्रेम. फ्लॅटचं भाडं साठलं होतं माझं, घेऊन टाकले. चढले की देईन, म्हटलं. चढलेत, बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणालो. आणि मग मी तिला सगळं सांगितलं: तीस दिवस, बावीस हजार, तीन हजार सहाशे चाळीस. आवाज चढू नये म्हणून मी एकेक शब्द सुटा बोललो, त्यामुळे तो जास्तच चढला. "चर्चच्या तळघरात मी घसा फोडून सांगत होतो! तू तिथेच होतीस, पातेल्याशी!"

"होते की. बायकोनं घेऊ नये, असं म्हणालास. मी मागे वळून बघितलं." ती खुर्ची ओढून बसली. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय."

तिने माझी वही आपल्याकडे फिरवली. वरचा प्रश्न वाचला, खालचे टायर, पातेलं, वायर वाचली. मी वही ओढायला गेलो, तिने हातावर चापट मारली.

"हे तू शोधत बसला होतास?"

"कायद्याला तारीख लागते."

"मग विचारायचं होतंस. सतरा नोव्हेंबर."

"सतरा नोव्हेंबरला काय झालं?"

"तू मला इथल्या तळघरात नेऊन पाण्याची मुख्य तोटी दाखवलीस. डावीकडे बंद, उजवीकडे चालू, जोर लावायचा नाही, जुनी आहे. आणि वर आलास आणि सूप प्यायलास." ती माझ्याकडे बघत होती. "ओरेस्ट, पाहुणीला टॉयलेट दाखवतात रे. मुख्य तोटी कुणी दाखवत नाही. तू तर पाण्याच्या खात्यातला. मी त्याच रात्री कॅलेंडरवर खूण केली."

मला तो दिवस आठवत नव्हता. आठवत नव्हता, पण तोटीबद्दल मी असंच बोलतो, हे मला माहीत होतं. डारियाला मी ती लग्नानंतर दुसऱ्या दिवशी दाखवली होती.

"आणि यात तुला नवीन वाटण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. "गेल्या नोव्हेंबरात बारा महिने भरले. लगेच पुढच्या महिन्यात कळवायचं असतं ना? तूच त्या चर्चच्या तळघरात ओरडत होतास. मी कळवून टाकलं. फोन केला, अर्धा तास संगीत ऐकवलं मेल्यांनी, मग तुझं नाव सांगितलं."

"तू कळवलंस? कर खात्याला? डिसेंबरात?"

"हो. आणि कमी कमाईवाल्यांना सरकार देतं ते माझे तिमाहीचे शंभर-सव्वाशे डॉलर जानेवारीपासून बंद झाले. एकटी होते तोवर मिळायचे. तुझी पेन्शन आली ना मध्ये, मी एकदम श्रीमंत झाले." ती हसली, पण या वेळी बशा किणकिणल्या नाहीत. "तुला सांगितलं नाही, कारण तू हिशेब मांडला असतास."

मांडला असता. वर्षाला साधारण पाचशे. माझ्या नावासाठी ती चार महिने गुपचूप दंड भरत होती आणि मी तासभर वायरींच्या पावत्या हुंगत होतो. मला स्वतःची शिसारी आली आणि त्याच वेळी, का कोण जाणे, भूकही लागली. मी संगणक जवळ ओढला. बदल आहे का? मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं. जिनेट उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली, जणू मी कपडे बदलत होतो. "डारियाला चालेल का, ते बघ," ती तिकडे तोंड करूनच म्हणाली. "सावकाश." मी डोळे पुसले आणि "आहे" दाबलं. तारीख टाकली. सतरा नोव्हेंबर. पुढे तिचं पूर्ण नाव विचारलं, तेही टाकलं. मग शेअरच्या पानावर जाऊन बावीस हजारांच्या जागी शून्य लिहिलं, आणि तळाशी आकडा उगवला: भरायची रक्कम, तीन हजार सहाशे चाळीस.

ती परत येऊन माझ्या खांद्यावरून वाकून वाचू लागली. "आणि तो बावीस हजारांचा तोटा? गेला?"

"गेला नाही. तो तुझ्याकडे आला. तुझ्या खरेदीच्या किमतीत धरतात. तू विकशील तेव्हा तुला वापरता येईल."

"सगळा?"

"सगळा."

"इतक्या वर्षांत पुरुषानं मला दिलेली सगळ्यात मोठी वस्तू," जिनेट म्हणाली. मग तिने पुन्हा तळाचा आकडा बघितला. "साडेतीन हजार! अरे, एवढ्यात चर्चचं तळघर भाड्याने घेऊन, बँड लावून लग्न झालं असतं आपलं."

"लग्न केलं असतं तरी तोटा गेलाच असता," मी म्हणालो. नियम तो नियम.

"आणि माझे सव्वाशे?"

"तेही गेलेच असते."

"म्हणजे जे जायचं ते सगळं जाऊन बसलंय?"

"हो. कराच्या दृष्टीने काही फरक पडत नाही."

"मग आता घोडं अडलंय कुठे?"

मी तोंड उघडलं. तीस दिवसांचा नियम आठवला, बारा महिन्यांचा आठवला, परदेशी मालमत्तेचा, लाभांशाचा, देणग्यांचा, एकेक करून सगळे आठवून पाहिले. ती वाट बघत उभी होती. मला एकही नियम सापडला नाही.